घरातले सेल : कुठे चार्जिंगचे वापरावेत, कुठे साधेच बरे? (खान्देशच्या उन्हाचा विचार धरून)

पांझराकाठ

धुळ्यात देवपूरला घर आणि शिंदखेडा तालुक्यात शेती, अशी आमची दोन बिऱ्हाडं. दोन्हीकडे सेलवर चालणाऱ्या वस्तू भरपूर. भिंतीवरची घड्याळं, टीव्हीचा रिमोट, नानांचं बीपीचं मशीन, लेकीचा माऊस, पोरांच्या गाड्या, न्हाणीतला गॅस गिझर, आईचा ट्रान्झिस्टर आणि शेतातल्या खोलीवरची बॅटरी (म्हणजे टॉर्च). किराण्याच्या यादीत शेवटची ओळ ‘पेन्सिल सेल’ ही ठरलेलीच. आणि संपलेले सेल शहरात घंटागाडीत, गावाला उकिरड्यावर.

हा धागा काढायचं कारण तो उकिरडाच. पेरणीआधी शेणखत रानात पसरवताना त्यातून सेल निघतात. जस्ताचं कवच खाल्लं गेलेलं, आतली काळी भुकटी बाहेर आलेली, मधली कार्बनची कांडी तेवढी शाबूत. वेचून बांधावर टाकले तरी ते आपल्याच रानात राहतात. ज्या जमिनीतून आपण बाजरी काढतो आणि घरात भाकरी करून खातो, त्या जमिनीत हे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून घरात चार्जिंगचे सेल आणले आणि आता ते नीट अंगवळणी पडलेत.

माझं मत आधीच सांगतो. घरातला प्रत्येक सेल बदलायची गरज नाही. जिथे सेल महिना-दोन महिन्यांत संपतो तिथे चार्जिंगचाच हवा. जिथे वर्षभर टिकतो, म्हणजे घड्याळ आणि रिमोट, तिथे साधा सेल ठेवावा. घड्याळासाठी चार्जर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पैशांचं गणित असं. चांगले चार सेल आणि बऱ्यापैकी चार्जर मिळून हजार ते दीड हजार जातात. पोरांच्या गाडीत चार अल्कलाइन सेल (साध्या लाल सेलपेक्षा महाग, पण जास्त टिकणारे) लागतात. तीस रुपयांना एक धरला तर दर वेळी १२० रुपये. दहा-बारा वेळा बदलण्यात सगळी गुंतवणूक वसूल, आणि सेल पुढे शेकडो वेळा भरता येतात. विजेचा खर्च तर जवळजवळ नाहीच. २००० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं हे माप) एका सेलमध्ये साधारण २.४ वॉट-तास ऊर्जा मावते. भरताना वाया जाते ती धरून चार म्हणा. चार सेलचे झाले सोळा. युनिटला दहा रुपये धरले तरी चारही सेल एकदा भरायला वीस पैसेसुद्धा लागत नाहीत.

दोन गोष्टी जाणकारांकडून हव्यात. एक, आपल्याकडच्या मे महिन्यात हे सेल कसे सांभाळायचे? दुसरी, शेतातल्या बॅटरीचे जे मोठे सेल असतात, त्यांना चार्जिंगचा चांगला पर्याय कोणता?

भुसावळकर

पांझराकाठ भाऊ, विषय चांगला काढलात. नोकरीची सगळी वर्षं बॅटऱ्यांच्या देखभालीत गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

उन्हाचा प्रश्न आधी. आपण ज्याला चार्जिंगचा पेन्सिल सेल म्हणतो तो बहुतेक वेळा निकेल-मेटल हायड्राइडचा असतो. जुन्या पद्धतीचा हा सेल नुसता पडून राहिला तरी महिन्याभरात वीस-तीस टक्के रिकामा होतो, आणि हा आकडा वीस अंश तापमानाचा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही गळती ढोबळमानाने दुप्पट होते. आता भुसावळचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४४-४५ वर आणि सेल पत्र्याखालच्या फळीवर. महिन्याभराने हातात घ्याल तर त्यात काही उरलेलं नसतं. ‘चार्जिंगचे सेल टिकत नाहीत’ ही आपल्या भागातली तक्रार बरीचशी इथून येते.

यावर उपाय २००५ पासून बाजारात आहे. सान्यो कंपनीने एनेलूप नावाचा सेल आणला (आता तो पॅनासोनिककडे आहे), तो वर्षभर पडून राहिला तरी बहुतेक भरलेलाच राहतो. पुढे इतर कंपन्यांनीही तसे सेल काढले. वेष्टनावर ‘आधीच चार्ज केलेले’ किंवा ‘वापरायला तयार’ असं लिहिलेलं असेल तर तो बहुधा याच जातीचा. खान्देशात राहणाऱ्याने याच जातीचे सेल घ्यावेत, दुसरे घेऊच नयेत, इतकं स्पष्ट माझं मत आहे.

मोठ्या आकड्याला भुलू नका. पेन्सिल सेलच्या आकारात निकेल-मेटलची क्षमता २७००-२८०० एमएएचच्या फार पुढे जात नाही. त्यावर ४००० छापलेलं दिसलं की तो माल ठेवून द्या. मुळात घरासाठी २००० वालाच उत्तम. २५०० वाले जास्त ऊर्जा देतात, पण तितक्या वेळा भरता येत नाहीत. एनेलूपचंच बघा, साध्या सेलला कंपनी २१०० वेळा सांगते आणि जास्त क्षमतेच्या सेलला ५००.

आता चार्जिंग. सेल भरत आला की शेवटच्या टप्प्यात तो तापतो, कारण आत जाणारी वीज साठत नाही, तिची उष्णता होते. चांगला चार्जर हे ओळखतो. सेल भरल्यावर त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं, ते टिपून चार्जर थांबतो. स्वस्तातला चार्जर फक्त घड्याळ लावून चालतो किंवा थांबतच नाही, आणि दोन-दोन सेल जोडीने भरतो. त्यातला एक अर्धा भरलेला असेल तर तो उगाच भाजला जातो. म्हणून प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला चार्जर घ्या. आणि उन्हाळ्यात चार्जिंग दुपारी लावू नका. पहाटे उठलात की लावा, ऊन चढायच्या आत काढा.

केळीबाग

भाऊ, मी रावेरकडचा. मोठ्या सेलचं विचारलंत म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे हा रोजचा विषय.

शेतीची लाईट पाळीपाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाराला उठून मोटर चालू करायला जावं लागतं. केळीच्या बागेत पाचटात पाय कुठे पडतो ते दिसत नाही. घोणस असते, मण्यार असते, आणि आता बिबट्याचीही धास्ती. अशा वेळी हातातली बॅटरी मधेच गेली तर काय होतं ते शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही.

आधी तीन सेलची पत्र्याची बॅटरी होती. मग मोठ्या आकाराचे चार्जिंग सेल मागवले. हातात घेतले तेव्हाच हलके लागले. एक फुटला तेव्हा आत पाहिलं तर मोठ्या डब्यात साधा पेन्सिल सेल बसवलेला आणि बाजूने पुठ्ठा. क्षमताही तेवढीच, दोन हजारांची. भुसावळकर काका, मोठ्या सेलमध्ये खरं तर किती असायला पाहिजे?

भुसावळकर

खऱ्या मोठ्या निकेल-मेटल सेलची क्षमता ८००० ते १०,००० एमएएच असते. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि किंमतही तशीच भरभक्कम. दोन-अडीच हजार लिहिलेलं असेल तर आत पेन्सिल सेलच आहे असं समजा. तसंच करायचं असेल तर मग पेन्सिल सेल मोठ्या सेलच्या जागी बसवायची प्लॅस्टिकची नळकांडी वेगळी मिळतात, ती स्वस्त पडतात.

शेतासाठी मात्र माझा सल्ला निराळा आहे. जुन्या तीन सेलच्या बॅटरीत पैसे घालू नका. लिथियम सेलची, एलईडीची चार्जिंग बॅटरी घ्या. त्यात १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेल असतो, त्याला १८६५० म्हणतात. तो बदलता येईल अशीच बॅटरी घ्या. इथेही आकड्यांची फसवणूक आहे. या आकारात चांगल्या कंपन्यांचे नेहमी मिळणारे सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. बाजारात ९९०० छापलेले सेल मिळतात, तो आकडा सरळ खोटा. आणि लिथियम सेल मोटरच्या पत्र्याच्या पेटीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नका. निकेलचा सेल उन्हात नुसता खराब होतो, लिथियमचा फुगतो आणि पेटही घेऊ शकतो.

केळीबाग

पटलं. आमची सध्याची एलईडीवाली आहे, पण सेल आतच चिकटवलेला. दोन उन्हाळे काढले आणि आता अर्धा तासही चालत नाही. यापुढे सेल निघतो का ते आधी बघणार.

साक्रीची लेक

मी नोकरीमुळे पुण्यात, पण उन्हाळ्यात मुलांना घेऊन महिनाभर साक्रीला असते. पोरांच्या खेळण्यांपुरतं सांगते. गाड्या, बोलणारी बाहुली, पियानो, सगळीकडे चार्जिंगचे सेल छान चालतात. उलट साध्या लाल (जस्त-कार्बनच्या) सेलपेक्षा गाडी जास्त जोरात पळते. चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा आणि साधा १.५ चा, मग असं कसं होतं?

पण मला खरं लिहायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. खेळण्यांत, छोट्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात जे चपटे बटणासारखे सेल असतात ते मुलांच्या हाती लागू देऊ नका. लिथियमचा असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. पोटातून आपोआप निघून जाईल म्हणून वाट बघायची नाही, शंका आली तरी थेट दवाखाना. झाकणाला स्क्रू नसलेलं खेळणं मी जत्रेतूनसुद्धा घेत नाही.

भुसावळकर

ताई, बटणाच्या सेलचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

गाडी जोरात का पळते ते सांगतो. १.५ हा आकडा नव्या कोऱ्या, काम न करणाऱ्या सेलचा. काम सुरू झालं की साध्या सेलचं व्होल्टेज उतरत जातं, १.४, १.३, १.२ असं करत एकच्याही खाली. वस्तू बनवणारे हे धरूनच चालतात, बहुतेक वस्तू सेल एक व्होल्टपर्यंत उतरला तरी चालतात. निकेलचा सेल मात्र १.२ च्या जवळपास टिकून राहतो आणि अगदी शेवटी झपकन उतरतो. शिवाय त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, कमी. मोटर चालवायची तर एकदम करंट द्यावा लागतो, तो तो देऊ शकतो. लाल सेलला ते जमत नाही, मोटरचा ओढा आला की त्याचं व्होल्टेज जागेवर बसतं.

बीपीच्या मशीनचं नेमकं हेच होतं. पंप हवा भरायला लागला की लाल सेल दम सोडतो आणि मशीन ‘सेल संपले’ असं दाखवतं. तो सेल मेलेला नसतो. तोच काढून भिंतीवरच्या घड्याळात घाला, महिनोन्महिने चालेल, कारण घड्याळाला लागतं ते अगदी नावाला. आमच्याकडे घड्याळासाठी वेगळा सेल आणायची पद्धतच नाही.

सातपुड्याची वाट

मी धडगाव भागात पाड्यांवर आरोग्याचं काम करते. पिशवीत बीपीचं मशीन, थर्मामीटर आणि डोक्याला बांधायची बॅटरी असते. आमच्याकडे दुकान लांब, आणि दुकानात मिळतो तो लालच सेल. तो मशीनमध्ये फार थोड्या तपासण्या पुरतो. गरोदर बाईचं बीपी घ्यायला डोंगर चढून जावं आणि मशीनने ऐन वेळी सेलचं चिन्ह दाखवावं, यापेक्षा वाईट काही नाही. ते बीपी त्याच दिवशी कळायला हवं असतं.

चार्जिंगचे सेल आल्यापासून माझी पद्धत ठरलेली आहे. चार सेलचे दोन संच. एका संचावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, दुसऱ्यावर काहीच नाही. एक मशीनमध्ये, दुसरा भरून प्लॅस्टिकच्या डबीत. संच कधी मिसळायचे नाहीत. वीज असेल त्या रात्री रिकामा संच भरून घ्यायचा. वीज नसली तर चार्जर यूएसबीवर चालणारा आहे, तो सौर दिव्याच्या पेटीला लावते.

डबी हवीच. सुटे सेल पिशवीत नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर टाकले तर दोन टोकं जोडली जाऊन चटका बसण्याइतके तापतात.

मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते मात्र आधी वाचा. काही कंपन्या अल्कलाइनच वापरा म्हणून सांगतात. माझ्या मशीनवर चालतात, पण सेल उतरल्याचं चिन्ह आणि मशीन बंद पडणं यात फार वेळ जात नाही. दुसरा संच सोबत असतो म्हणून अडत नाही.

पांझराकाठ

ताई, ठिपक्याची युक्ती लगेच उचलतोय. नानांचं मशीन घरीच असतं, त्याला आम्ही कंपनीचा अ‍ॅडॉप्टर घेतला आणि सेलचा प्रश्नच मिटवला. ज्यांचं मशीन जागचं हलत नाही त्यांनी तेच करावं.

संच मिसळू नये याचं कारण इतरांसाठी लिहून ठेवतो. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक आधी रिकामा झाला तर बाकीचे तिघं त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात, त्याचं व्होल्टेज उलटं होतं आणि तो बाद होतो. एकदम घेतलेले, सारखे वापरलेले सेल एकत्रच ठेवायचे.

खान्देशी पोऱ्या

दादा, मन्हा घर बी हाईच गत शे. टेबलना खनमा निस्ता मरेल सेल भरेल शेतस. त्यास्मा चांगला कोनता आनि वाया गयेल कोनता, हाई कसं वळखवं?

भुसावळकर

भाऊ, दीड-दोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) घरात असू द्या. साधा किंवा अल्कलाइन सेल १.५ च्या वर दाखवत असेल तर जवळपास नवा. १.३ च्या आसपास असेल तर घड्याळाच्या कामाचा. १.१ च्या खाली गेला तर संपला. चार्जिंगच्या सेलला हे मोजमाप लागू पडत नाही, तो बराच काळ १.२ च्या आसपासच दाखवतो. त्याची खरी क्षमता बघायची तर सेल रिकामा करून पुन्हा भरणारा आणि आकडा दाखवणारा चार्जर लागतो.

दुकानदार जळगाव

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुम्ही सगळे म्हणता ते खरं, पण गिऱ्हाईक दहा-पंधरा रुपयांचा सेल मागतं. हजाराचा चार्जर दाखवला की ‘ठेवा, नंतर बघू’ म्हणतं. मी दोन वेळा माल भरला, फळीवर पडून राहिला. आणि हातावर पोट असलेला माणूस एकदम हजार कुठून काढणार? त्याच्या घरात सेलवर चालणारं काय, एक बॅटरी आणि एक रिमोट. त्याला हे सांगण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे, स्वस्त चार्जर घेऊन गेलेली माणसं परत येऊन आमच्याशीच भांडतात.

पांझराकाठ

दुकानदार भाऊ, तुमचं म्हणणं रास्त आहे. रिमोट आणि घड्याळ एवढंच असेल तर मीही कुणाला घ्या म्हणणार नाही. पण ज्या घरात बीपीचं मशीन, लहान मुलं आणि वायरलेस माऊस आहे, तिथे वर्षाला किती सेल जातात ते तुमच्याच वहीत दिसेल. अशांना सांगावं. चार्जर महाग वाटत असेल तर दोन घरांत एक चार्जर घ्यावा, तो काही रोज लागत नाही. आमच्या गल्लीत आम्ही असंच करतो.

दुकानदार जळगाव

दोन घरांत एक चार्जर, हे सांगून बघण्यासारखं आहे.

यूएसबीवाला

नमस्कार मंडळी, मूळ चाळीसगावचा, सध्या नाशिकला. आता पेन्सिल सेलच्या आकारात लिथियमचे सेल मिळतात, त्यांना मोबाइलची वायर थेट लागते. चार्जरची गरजच नाही आणि व्होल्टेज पूर्ण दीड. मग निकेलचे कशाला घ्यायचे?

भुसावळकर

चांगला प्रश्न. त्यांच्यात लिथियमच्या सेलबरोबर एक छोटं सर्किट असतं, ते ३.७ व्होल्टचे दीड करून देतं. ज्या वस्तूला १.२ पुरत नाही तिथे ते उत्तम. पण काही गोष्टी ध्यानात ठेवा.

ते शेवटपर्यंत दीड व्होल्ट देतात आणि मग एकदम बंद. अंधुक होत होत जाणं नाही. केळीबाग भाऊंनी रात्रीच्या बॅटरीत ते घालू नयेत, या एका कारणासाठी.

त्या सर्किटमुळे रेडिओत खरखर येते. आईंच्या ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्ह लावत असाल तर हे सेल नकोत, निकेलचे घाला.

वेष्टनावरचा आकडा बघा. तिथे एमएएचच्या जागी एमडब्ल्यूएच (मिलिवॉट-तास) लिहिलेलं असतं, त्यामुळे तो मोठा दिसतो. सेल दीड व्होल्टचा, म्हणून दीडने भागा. ३००० एमडब्ल्यूएच म्हणजे २००० एमएएच, निकेलच्या सेलच्या बरोबरीचंच.

हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये कधीही लावायचे नाहीत. तसाच दिसणारा आणखी एक प्रकार आहे, १४५०० नावाचा. आकार पेन्सिल सेलचाच, पण सर्किट नाही, थेट ३.७ व्होल्ट. तो रिमोटमध्ये किंवा खेळण्यात घातला तर वस्तू जळेल. दुकानदार भाऊंनी हे दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत.

साक्रीची लेक

आमच्या गावच्या घरी एक गोष्ट आपोआप चांगली झाली आहे. घर धाब्याचं आहे, मातीचं छत, त्यामुळे मे महिन्यात बाहेर नुसता वणवा असला तरी आतली खोली गार असते. सासूबाई सेलची डबी तिथेच भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. शेजारच्या स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवलेल्या सेलपेक्षा हे जास्त टिकतात असं आम्हांला दिसतं. बरेच जण फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात, त्याचं काय?

भुसावळकर

ताई, कोनाडा उत्तम. नव्या जातीच्या सेलला फ्रिजची गरज नाही. फ्रिजमधून बाहेर काढला की आपल्या हवेत त्यावर पाणी धरतं, टोकं गंजतात. माठाजवळही नको, तिथे ओल असते. कोरडी, सावलीतली, खालच्या मजल्यावरची जागा बघा.

गिरणामाई

गॅस गिझरबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे दोन मोठे सेल लागतात.

पांझराकाठ

गिझरमध्ये आम्ही साधेच ठेवलेत. ठिणगीपुरतं काम असतं, सेल बराच काळ पुरतात, आणि न्हाणीतल्या दमट हवेत महागाचे सेल ठेवायला मला आवडत नाही. एकच पथ्य, संपले की लगेच काढायचे. साध्या सेलचं कवच जस्ताचं असतं आणि तेच आतल्या रासायनिक क्रियेत खर्ची पडतं. संपलेला सेल आत राहिला की कवचाला भोकं पडून आतलं पाणी झिरपतं.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना जुन्या ट्रान्झिस्टरच्या स्प्रिंगवर पांढरी भुकटी बसलेली सापडली. तो सेल अल्कलाइन होता. त्याची गळती अल्कधर्मी असते, म्हणून कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस घेऊन पुसली. रस लागल्याबरोबर बारीक फेस येतो आणि खालचं धातूचं टोक पुन्हा चमकायला लागतं. नंतर कोरडं करून घ्यायचं. लाल साध्या सेलची गळती उलट आम्लधर्मी असते, तिला खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. हातमोजे नसतील तर निदान प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. ट्रान्झिस्टर पुन्हा सुरू झाला, आई सकाळी जळगाव आकाशवाणी त्यावरच ऐकते.

सातपुड्याची वाट

मूळ प्रश्न उकिरड्याचा होता. चार्जिंगचे सेलही कधीतरी मरणारच. ते कुठे टाकायचे? आमच्या पाड्यांवर तर मुलं सेल दगडाने फोडून आतल्या कांडीने पाटीवर लिहितात.

पांझराकाठ

ताई, हे मलाही सतावतं. कायद्याचं सांगतो. २००१ चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले, त्यात पेन्सिल सेलसारख्या छोट्या बॅटऱ्याही आल्या. जुना माल गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी आता उत्पादकावर आहे, आणि आपणही सेल घरच्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत. वेष्टनावर काट मारलेल्या चाकांच्या कचरापेटीचं चित्र असतं ते याचसाठी. गावापर्यंत यातलं फारसं पोहोचलेलं नाही, म्हणून मी घरी झाकणाची प्लॅस्टिकची बरणी ठेवली आहे. तिच्यात मेलेले सेल साठवतो आणि शहरात ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे देतो.

एका प्रकाराबाबत मात्र सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून राहावं. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये आणि अंगणातल्या काही स्वस्त सौर दिव्यांमध्ये निकेल-कॅडमियमचे सेल असतात. कॅडमियम विषारी आहे आणि जमिनीत गेलं की पिकाची मुळं ते शोषून घेतात. असा सेल उकिरड्यावर जाताच कामा नये. आणि कुठलाही सेल शेकोटीत टाकू नका, तो फुटतो.

दुकानदार जळगाव

हे सगळं वाचून ठरवलं आहे की गल्ल्याजवळ एक डबा ठेवतो, मेलेले सेल त्यात टाका म्हणून पाटी लावतो. भरला की भंगारवाल्याला न देता ई-कचऱ्यावाल्यालाच देईन. पण सगळं एकाच डब्यात चालेल का?

भुसावळकर

तीन डबे करा भाऊ. एकात लाल आणि अल्कलाइन सेल. दुसऱ्यात चार्जिंगचे निकेलचे, त्यातले कॅडमियमवाले कागदात वेगळे गुंडाळून. तिसऱ्यात लिथियम, म्हणजे मोबाइलच्या बॅटऱ्या, १८६५० आणि बटणाचे सेल. या तिसऱ्या डब्यातल्या प्रत्येक सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावूनच आत टाका, मेलेल्या लिथियममध्येही आग लागण्यापुरतं शिल्लक असतं. फुगलेली बॅटरी आली तर डब्यात न टाकता पत्र्याच्या भांड्यात कोरडी वाळू घालून तिच्यात ठेवा. आणि तिन्ही डबे दुकानाच्या आतल्या बाजूला, सावलीत. रस्त्याकडच्या उन्हात नकोत.

दुकानदार जळगाव

ठीक. जमिनीलगतची फळी रिकामी करून तिथे मांडतो. वर भरलेले सेल आणि चार्जर ठेवतो, या वेळी प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेलेच मागवतो.